जीपमागची लहान गाडी



ज्यांचें बालपण खेड्यांत गेलें असेल त्यांना 'चाकोरी' हा शब्द कोशांत पाहावा लागणार नाहीं. पावसाळ्यांत बैलगाडीच्या चाकांनीं ओल्या मातींत जे दोन चर पडत, ते उन्हाळ्यांत वाळून दगडासारखे होत. मग ज्या गाडीचीं चाकें त्या चरांत बसत नसत, तिच्या बैलांचे हाल कुत्रा खात नसे. आजचा विषय दूरचा, अमेरिकेंतला आहे. पण त्याचें मर्म या एका शब्दांत आहे.

मोटारीमागें लहानशी गाडी जोडावयाची, तींत अंथरूण, शिधा, पाण्याचे डबे भरावयाचे आणि रस्ता संपेल तेथून पुढें जाऊन रानांत मुक्काम ठोकावयाचा, ही हौस अमेरिकेंत आणि ऑस्ट्रेलियांत आतां चांगलीच रुजली आहे. अनेक हौशी गृहस्थ असल्या गाड्या घरच्या आवारांत स्वतः बांधतात. या गाड्यांचे पूर्वज दोन. एक सहलीचा, दुसरा युद्धाचा.

पहिल्याची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत अश्रुबिंदूच्या घाटाची एक चिमुकली गाडी निघाली. पुढें गोल, मागें निमुळती, आंत दोन माणसांपुरतें अंथरूण. उभें राहण्याची सोय नाहीं. मागचें झांकण उचललें कीं त्याखालीं स्वयंपाकघर! १९४७ सालीं 'पॉप्युलर मेकॅनिक्स' या मासिकानें तिचे आराखडे छापले, आणि हातांत करवत धरतां येणाऱ्या कोणाही माणसास ती बांधणें शक्य झालें. मात्र ही गाडी सडकेची, रानची नव्हे.

दुसऱ्या पूर्वजाची कथा अधिक चटका लावणारी आहे. जुलै १९४० मध्यें अमेरिकन लष्करानें शंभरावर कारखान्यांस विचारलें कीं, चारही चाकांना गति मिळणाऱ्या हलक्या गाडीचा नमुना ४९ दिवसांत कोण देईल? पेनसिल्व्हेनियांतील बटलर गांवच्या 'अमेरिकन बॅंटम' या डबघाईस आलेल्या कंपनीनें तें आव्हान पत्करलें. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यानें अवघ्या कांहीं दिवसांत आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं, ऐन मुदतीस, गाडी लष्कराच्या दारांत उभी राहिली. पुढें जगभर गाजलेल्या जीपचा हा पहिला नमुना. परंतु लष्कराला लाखांनीं गाड्या हव्या होत्या आणि बॅंटमचा कारखाना लहान. तिचे आराखडे विलिज आणि फोर्ड यांना दाखविण्यांत आले, आणि मोठें काम त्यांच्याकडे गेलें. बॅंटमकडून अडीच हजारांच्या थोड्या वर जीप बाहेर पडल्या, तेवढ्याच. तिच्या वांट्याला आला तो जीपमागें जोडावयाचा पाव टनी ट्रेलर. मला हा अन्यायच वाटतो. युद्धाच्या घाईंत त्याला इलाज होता कीं नाहीं, हा प्रश्न निराळा. कंपनीनें रुसून न बसतां सत्तर हजारांहून अधिक ट्रेलर तयार केले.

आणि काय नेटकी वस्तु ती! रिकामें वजन सुमारें साडेपांचशें पौंड. आडरानांत वाहावयाचा भार पांचशें. चाकें जीपचींच, म्हणजे एक जादा चाक दोघांना पुरे. दोन चाकांमधलें अंतरही जीपइतकेंच, सुमारें चार फूट. त्यामुळें ट्रेलर जीपच्या चाकोरींतूनच चाले. चिखलांत वा वाळूंत पुढच्या चाकांनीं वाट दाबून दिलेली असते. मागच्या गाडीला स्वतःची नवी चाकोरी कापावी लागली तर ओढ फार वाढते. दांडीच्या टोकाला कडी आणि जीपच्या पाठीला आंकडा असल्यामुळें ट्रेलर कलला तरी जीपला पिळा बसत नसे. पेटी इतकी घट्ट, कीं नदींत ती होडीसारखी तरंगे. आंत शिरलेलें पाणी सोडण्यास तळाशीं बुचें.

युद्ध संपलें आणि शिलकी जीप नि ट्रेलर नागरिकांच्या हातीं आले. येथून फेरफारांना सुरुवात झाली. लष्करी पेटीला मागें दार नव्हतें. अंथरूण काढावयाचें तर कठड्यावरून ओणवें व्हावें लागे. बॅंटमनेंच नागरिकांसाठीं जो टी-३-सी ट्रेलर काढला, त्याला मागें उघडणारी फळी दिली. पुढें १९६० नंतर लष्करानें घेतलेल्या एम-४१६ या ट्रेलरचेंही नशीब तेंच. लष्करांतून सुटला कीं त्याचा मागचा पत्रा बहुधा कापला जाई. दार मिळतें, तरंगणें जातें. जुन्या वस्तु जपणारे यावर हळहळतात, आणि माझा कौल त्यांच्याच बाजूला आहे: पेटी मूळची शाबूत असेल तर तिला करवत लावूं नये, गंजून चाळण झालेलीवर खुशाल प्रयोग करावे.

आतांच्या अनेक मोटारींचीं चाकें पांच फुटांच्या आसपास अंतरावर असतात. म्हणून जाणता कारागीर प्रथम जुना आंस काढून रुंद आंस बसवितो; चाकोरी पुन्हां जुळली पाहिजे ना! कोणी कमानी आंसाखालून काढून आंसावर चढवितात, म्हणजे पेटी दगडांपासून उंच राहते; वर तंबूही बसवितात. पण उंची वाढली कीं उतारावर कलंडण्याचें भय वाढतें, हें पुष्कळांना पहिल्या सहलींतच कळतें.

राहतां राहिला भार. तो मागें अधिक झाला तर आपली बैलगाडी उलाळ होई. ट्रेलर उलाळ झाला तर वेगांत शेपटासारखा हेलकावे खाऊं लागतो आणि पुढची मोटारही ओढून नेतो. म्हणून एकूण वजनाचा सुमारें दहावा हिस्सा दांडीवर यावा, असा दंडक आहे. पाण्याचे डबे पुढें ठेवावे कीं आंसावर, यावर ही मंडळी तासन्‌तास वाद घालतात. आपला गाडीवान दांडी हातानें उचलून अंदाज घेई. हे लोक ती वजनकांट्यावर टेकवून पाहतात.