पाय वाचवण्याची लांबची वाट

बर्जर रोग बहुधा विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण माणसाला गाठतो. हातापायांतल्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात, गुठळ्या होऊन बंद पडतात. आधी चालताना पोटरी भरून येते, मग रात्री पडल्या जागी पाय ठणकतो, बोटाला झालेली जखम भरायचे नाव घेत नाही. बायपास जोडायला खाली धड नळीच उरलेली नसते. ऐन कमावत्या वयात पाय कापायची वेळ येते.

या रोगावर मूलपेशींचे औषध आणणारी स्टेमप्युटिक्स रिसर्च ही कंपनी मणिपाल समूहाने 2006 मध्ये बंगळुरूत काढली. 2009 मध्ये मुंबईची औषध कंपनी सिप्ला सोबत आली. मूलपेशींनी कोणताही आजार बरा करतो असे सांगून पैसे उकळणारे दवाखाने देशात तेव्हाही होते. या कंपनीने मात्र रीतसर चाचण्यांची वाट धरली, आणि मला तिचे मोल यातच दिसते.

तिचे औषध स्टेमप्युसेल. निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, एकाहून अधिक दात्यांच्या पेशी एकत्र करायच्या आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायच्या. रुग्ण आला की वितळवून पोटरीच्या स्नायूत 40 ते 60 ठिकाणी थोड्या थोड्या टोचायच्या, काही जखमेभोवती. या पेशींच्याच रक्तवाहिन्या बनतात असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्या प्रामुख्याने व्हीईजीएफसारखी प्रथिने सोडतात आणि त्यांच्या जोरावर रुग्णाच्याच केशवाहिन्यांना नवे फुटवे येतात.

पहिली चाचणी 20 रुग्णांची होती. औषध सुरक्षित आहे का, हा तिचा मुख्य प्रश्न. पुढची 90 रुग्णांची. तिच्यात जास्त मात्रा मिळालेल्यांच्या वेदना कमी झाल्या, जखमा आक्रसल्या. मात्र कोणाला काय दिले जाते आहे हे रुग्णांना आणि डॉक्टरांना ठाऊक होते. वेदनेसारखी गोष्ट मोजताना हे ध्यानात ठेवावेच लागते. 2016 मध्ये औषध महानियंत्रकांनी बर्जर रोगापुरती मर्यादित परवानगी दिली, तीही पुढच्या रुग्णांवर लक्ष ठेवण्याच्या अटीवर. 2020 मध्ये पूर्ण मान्यता मिळाली आणि धमन्या कठीण होऊन पायाचा रक्तपुरवठा तुटलेले रुग्णही तिच्या कक्षेत आले. 2022 मध्ये अल्केम या औषध कंपनीच्या साथीने गुडघ्याच्या संधिवातासाठीही स्टेमप्युटिक्सचे मूलपेशींचे औषध बाजारात आले.

बर्जरच्या रुग्णाला इंजेक्शन घेतल्यावरही विडी सोडावीच लागते. तंबाखू चालू राहिला, तर उरलेल्या वाहिन्याही बंद होत जातात.