घरगुती संगणकातील रॅमवाढ

रॅमवाढ ही डेस्कटॉप संगणकाची कार्यकारी स्मृती वाढवण्याची प्रक्रिया आहे. मदरबोर्डवरील रिकाम्या स्लॉटमध्ये रॅमच्या पट्ट्या जोडून किंवा कमी क्षमतेच्या पट्ट्यांच्या जागी अधिक क्षमतेच्या पट्ट्या बसवून ती केली जाते. संगणकातील सुट्या भागांच्या बदलांपैकी हे काम सर्वांत सोपे समजले जाते. मात्र पट्टी बसवणे सोपे असले तरी योग्य पट्टी निवडणे तितके सोपे नसते. चुकीची पट्टी एक तर स्लॉटमध्ये बसतच नाही, किंवा बसूनही संगणक सुरू होत नाही.

मुंबईच्या पश्चिम उपनगरांत, मालाड, कांदिवली, गोरेगाव या भागांत, घरचा संगणक पुष्कळदा सुटे भाग जोडून घेतलेला, म्हणजे 'असेंबल' केलेला असतो. अशा यंत्राला एखाद्या कंपनीचे मॉडेल नाव नसते. त्यामुळे मॉडेलवरून सुसंगत रॅम शोधण्याचा मार्ग येथे उपयोगी पडत नाही आणि मदरबोर्डवर छापलेले नाव हाच मुख्य आधार उरतो.

रॅमचे कार्य

चालू असलेली आज्ञावली आणि तिला लागणारी माहिती प्रोसेसर रॅममधून वाचतो. वीज गेली की रॅममधील मजकूर नाहीसा होतो. सध्या वापरात असलेल्या डीरॅमचा पाया आयबीएममधील अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांनी घातला. एक ट्रान्झिस्टर व एक कपॅसिटर यांत एक बिट साठवण्याच्या त्यांच्या रचनेला इ.स. १९६८ मध्ये पेटंट मिळाले. कपॅसिटरमधील भार गळत असल्याने तो सेकंदात अनेकदा पुन्हा भरावा लागतो.

रॅम अपुरी पडली की कार्यप्रणाली काही मजकूर हार्ड डिस्कवर हलवते. डिस्क रॅमपेक्षा कित्येक पट मंद असल्यामुळे खिडकी बदलताना संगणक अडखळतो आणि डिस्कचा दिवा सतत लुकलुकत राहतो. रॅमवाढीने दूर होणारा मंदपणा हा एवढाच आहे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये नेहमीचे काम चालू असताना मेमरीचा वापर ऐंशी-नव्वद टक्क्यांवर टिकून राहत असेल, तर रॅम वाढवण्यात अर्थ असतो. तो निम्म्यावरच राहत असेल, तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्याने अधिक फरक पडतो. हे न तपासता केलेला खर्च बहुधा वाया जातो.

गरज कामानुसार बदलते. गृहनिर्माण संस्थेचा हिशेब आणि पत्रव्यवहार यांना ४ जीबी पुरू शकते. विंडोज ११ ची किमान अटही तेवढीच आहे. मात्र ब्राउझरच्या वीस-पंचवीस टॅब उघड्या ठेवणाऱ्याला ८ जीबीही अपुरी वाटते. अँड्रॉइड स्टुडिओसारखे साधन वापरणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला १६ जीबी सोयीची ठरते.

पिढ्या

रॅमच्या पिढ्या परस्परांत अदलाबदल करता येत नाहीत. डीडीआर पट्टीला १८४ पिना असत व ती २.५ व्होल्टवर चाले. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्हींना २४० पिना आहेत, पण व्होल्टता अनुक्रमे १.८ व १.५ आहे. डीडीआर४ व डीडीआर५ यांना २८८ पिना असून त्या १.२ व १.१ व्होल्टवर चालतात. पिनांची संख्या सारखी असली तरी पट्टीच्या कडेवरील खाच प्रत्येक पिढीत वेगळ्या जागी असते. त्यामुळे चुकीची पट्टी स्लॉटमध्ये पूर्ण शिरत नाही. अशा वेळी जोर लावल्यास स्लॉट तुटतो. लॅपटॉपची पट्टी आखूड असल्याने डेस्कटॉपमध्ये बसत नाही.

एकाच पिढीत वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र लावल्यास सर्व पट्ट्या सामान्यतः सर्वांत मंद पट्टीच्या वेगाने चालतात. सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या दोन वेगळ्या चॅनलमध्ये लावल्यास प्रोसेसरला दुप्पट रुंद मार्ग मिळतो. म्हणून ८ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ४ जीबीच्या दोन घेणे वेगाच्या दृष्टीने बरे असते. ज्या बोर्डावर दोनच स्लॉट आहेत, तेथे मात्र पुढील वाढीसाठी एक मोकळा ठेवायचा की आजचा वेग घ्यायचा, हे ठरवावे लागते.

मदरबोर्डची व कार्यप्रणालीची मर्यादा

भारतीय घरांत दीर्घकाळ टिकलेल्या बोर्डांपैकी इंटेलच्या जी३१ चिपसेटचे बोर्ड डीडीआर२ ची ४ जीबीच रॅम ओळखतात. जी४१ ची मर्यादा ८ जीबी, तर एच६१ ची डीडीआर३ ची १६ जीबी आहे.

जी४१ च्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. हा चिपसेट २ गिगाबिटपर्यंत घनतेच्याच चिप ओळखतो. ४ जीबीच्या डीडीआर३ पट्टीवर दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिप असतील तर ती चालते. नंतरच्या काळातील, एकाच बाजूला आठ चिप असलेली ४ जीबीची पट्टी मात्र चालत नाही. वेष्टनावरील माहिती दोन्हींवर सारखीच असल्याने ग्राहक पट्टी सदोष समजून परत करतो, आणि दुकानदाराच्या यंत्रावर तीच पट्टी व्यवस्थित चालते. सर्व्हरमधून काढलेल्या 'रजिस्टर्ड' पट्ट्या जुन्या बाजारात स्वस्त मिळतात, पण सर्वसाधारण घरगुती बोर्डांवर त्या निरुपयोगी ठरतात.

३२-बिट कार्यप्रणालीची मर्यादा वेगळी आहे. ३२ बिटांत ४ जीबीइतकेच पत्ते मावतात आणि त्यांतील काही ग्राफिक्स व इतर उपकरणांसाठी राखीव असतात. म्हणून ३२-बिट विंडोजच्या घरगुती आवृत्त्यांना प्रत्यक्षात तीन-साडेतीन जीबीच वापरता येते. अशा यंत्रात ८ जीबी बसवण्यापूर्वी ६४-बिट प्रणाली घालणे आवश्यक असते.

मुंबईतील खरेदी

मुंबईत संगणकाच्या सुट्या भागांची प्रमुख बाजारपेठ ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोडवर आहे. इ.स. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई प्रांताचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावावरून रस्त्याला हे नाव पडले. त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, पण व्यवहारात जुनेच नाव चालते. मालाडहून चर्चगेटकडे जाणाऱ्या धिम्या लोकलने तेथे थेट जाता येते. जुन्या पिढीच्या डीडीआर२ किंवा डीडीआर३ पट्ट्या उपनगरातील दुकानांत सहसा ठेवलेल्या नसतात. त्यामुळे एका पट्टीसाठीही हा प्रवास करावा लागतो.

निघण्यापूर्वी जुनी पट्टी काढून सोबत घेणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. ते शक्य नसल्यास पट्टीवरील लेबलाचे आणि बोर्डावरील नावाचे छायाचित्र पुरते. नवी पट्टी घेताना जीएसटीचे बिल व त्यावर पट्टीचा अनुक्रमांक असणे महत्त्वाचे असते, कारण निर्मात्याच्या हमीसाठी सामान्यतः तेच मागितले जाते. वापरलेली पट्टी दुकानातच यंत्रावर लावून पाहणे इष्ट असते. तेवढ्याने ती निर्दोष आहे असे ठरत नाही. त्यासाठी मेमटेस्टसारखी चाचणी काही तास चालवावी लागते. इ.स. २०२५ च्या उत्तरार्धात विदा केंद्रांची मागणी वाढून डीरॅमच्या किमती झपाट्याने चढल्या, तेव्हा जुन्या पट्ट्यांनाही महत्त्व आले.

बसवण्याची पद्धत

संगणक बंद केल्यावरही मदरबोर्डला ५ व्होल्टचा राखीव पुरवठा चालू राहतो, म्हणून प्लग भिंतीतून काढला जातो. त्यानंतर पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेला भार संपवला जातो. शरीरावरील स्थिर विद्युत घालवण्यासाठी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श केला जातो. मुंबईच्या दमट हवेत स्थिर विद्युत कमी साचते, पण वातानुकूलित खोलीत हा धोका राहतो.

स्लॉटच्या टोकाची कुलपे उघडून, खाच जुळवून, पट्टी दोन्ही टोकांवर सारखा दाब देत सरळ खाली बसवली जाते. कुलपे आपोआप 'टक्' असा आवाज करून मिटतात. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर दोन पट्ट्यांसाठी प्रोसेसरकडून दुसरा व चौथा स्लॉट वापरला जातो. संगणक सुरू झाल्यावर पूर्ण क्षमता दिसते का, हे बायोसमध्ये पाहता येते. अधिक वेगाची पट्टी मूळ कमी वेगाने चालत असल्यास बायोसमधील एक्सएमपी किंवा एक्स्पो हा पर्याय चालू करावा लागतो.

पावसाळा व संपर्कदोष

पडदा काळा राहून थांबून थांबून शिटी वाजत राहणे हे बहुधा रॅमचा संपर्क न होण्याचे लक्षण असते. मालाड खाडीलगतच्या वस्तीत, जूनपासूनच्या दमट हवेत, काही आठवडे बंद राहिलेल्या संगणकात हा दोष नवा नाही. तेव्हा दुरुस्ती करणारे पट्टी काढून तिच्या सोनेरी पिना मऊ खोडरबराने हलकेच पुसतात, कण झटकतात आणि ती पुन्हा बसवतात. हा उपाय पुष्कळदा लागू पडतो. मात्र सोन्याचा थर अतिशय पातळ असल्याने खरखरीत रबराने वारंवार घासल्यास तो निघून जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ कापड हा त्याहून सुरक्षित मार्ग आहे. त्यामुळे शिटी वाजली की लगेच नवी रॅम घेण्यापूर्वी पट्टी एकदा काढून, पुसून आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहिली जाते.

निकामी पट्ट्या ई-कचऱ्यात मोडतात. त्यांची विल्हेवाट १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांमार्फत होणे अपेक्षित आहे.