ईशान्य मुंबईतील तिसरा पर्याय : मेधा पाटकर यांची २०१४ची उमेदवारी

ट्रॉम्बे, मानखुर्द, गोवंडी आणि देवनार हा मुंबईच्या पूर्व किनाऱ्यालगतचा पट्टा. शहराला नको असलेल्या, पण शहराचे ज्यांच्यावाचून चालत नाही अशा बहुतेक गोष्टी गेल्या शतकात याच पट्ट्यात येऊन स्थिरावल्या. या पट्ट्याचा मोठा भाग ज्या ईशान्य मुंबई लोकसभा मतदारसंघात येतो, तेथून २०१४ मध्ये नर्मदा बचाव आंदोलनाच्या नेत्या मेधा पाटकर यांनी आम आदमी पक्षाच्या उमेदवार म्हणून निवडणूक लढविली. पर्यावरण आणि सामाजिक न्याय हे दोन विषय प्रचाराच्या केंद्रस्थानी ठेवून, दोन्ही प्रस्थापित आघाड्यांच्या बाहेर राहून मुंबईत लढविल्या गेलेल्या निवडणुकांमध्ये या लढतीचा उल्लेख आवर्जून करावा लागतो.

उमेदवारीची पार्श्वभूमी

मेधा पाटकर यांचा जन्म १ डिसेंबर १९५४ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील वसंत खानोलकर हे स्वातंत्र्यसैनिक आणि कामगार चळवळीतील कार्यकर्ते होते. देवनार येथील टाटा समाजविज्ञान संस्थेत त्यांनी समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. पुढे १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सरदार सरोवर प्रकल्पातील विस्थापितांच्या प्रश्नावर त्यांनी काम सुरू केले आणि त्यातून नर्मदा बचाव आंदोलन उभे राहिले. या कार्यासाठी १९९१ मध्ये त्यांना 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार मिळाला. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरणाच्या बांधकामास सशर्त परवानगी दिली. मात्र पुनर्वसनाचा लढा त्यानंतरही चालू राहिला.

मुंबईतील त्यांच्या कामाला वेग आला तो डिसेंबर २००४ नंतर. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत २००० सालापर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण देण्याचे आश्वासन सत्ताधारी आघाडीने दिले होते. निवडणूक आटोपल्यानंतर काही आठवड्यांतच शहरभर पाडकामाची मोहीम सुरू झाली आणि हजारो घरे जमीनदोस्त झाली. मानखुर्दच्या मंडाला वस्तीलाही त्याचा फटका बसला. या काळात 'घर बचाओ घर बनाओ' आंदोलन संघटित झाले आणि पाटकर त्याचा प्रमुख चेहरा ठरल्या. मे २०११ मध्ये खार पूर्वेतील गोळीबार वसाहतीच्या पुनर्विकासातील गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी त्यांनी नऊ दिवस उपोषण केले. नर्मदेच्या खोऱ्यातील विस्थापित आणि महानगरातील झोपडीवासी हे विकासाच्या एकाच प्रक्रियेचे बळी आहेत, ही त्यांची मांडणी होती.

ट्रॉम्बे पट्टा आणि त्याचे प्रश्न

या मांडणीला ट्रॉम्बे परिसरासारखी दुसरी पार्श्वभूमी मुंबईत सापडणे कठीण. देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे. १९५०च्या दशकाच्या मध्यावर ट्रॉम्बे-माहुल भागात दोन तेलशुद्धीकरण कारखाने आणि औष्णिक वीजकेंद्र आले. याच काळात देशाच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे मुख्य केंद्रही ट्रॉम्बेत उभे राहिले. १९६०च्या दशकात खत कारखान्याची भर पडली. मूळच्या कोळीवाड्यांच्या शेजारी उद्योग आले आणि उद्योगांच्या शेजारी शहरातून हटविलेली माणसे आणून वसविण्यात आली. अणुसंशोधन केंद्रालगतची जनता कॉलनी आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये उठविण्यात आली आणि तेथील रहिवाशांना ट्रॉम्बेनजीकच्या चित्ता कॅम्प येथे हलविण्यात आले. त्यानंतरच्या काळात रस्ते, रेल्वे आणि जलवाहिन्यांच्या प्रकल्पांत घरे गमावलेल्यांच्या इमारतीही मानखुर्द, गोवंडी आणि माहुल येथेच उभ्या राहिल्या.

या साऱ्याचा परिणाम आकड्यांतही उतरला आहे. मुंबई महापालिकेसाठी तयार झालेल्या २००९च्या मानवविकास अहवालात एम-पूर्व विभागाचा निर्देशांक अवघा ०.०५ नोंदविला गेला. शहरातील सर्व विभागांत तो सर्वांत खाली होता. पर्यावरणाचा प्रश्न म्हणजे झाडे आणि पक्षी एवढेच नसून कोणाच्या दारात कचरा पडतो, कोणाच्या नळाला पाणी येत नाही आणि कोणाच्या मुलाला धाप लागते हाही आहे, हे सांगण्यासाठी या भागात वेगळ्या पुराव्याची गरज नव्हती.

येथे मतदारसंघाच्या रचनेतील एक बाब लक्षात घ्यावी लागते. २००८च्या पुनर्रचनेपूर्वी ट्रॉम्बे हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता आणि तो ईशान्य मुंबईत मोडत असे. पुनर्रचनेनंतर ईशान्य मुंबईत मुलुंड, विक्रोळी, भांडुप पश्चिम, घाटकोपर पश्चिम, घाटकोपर पूर्व आणि मानखुर्द-शिवाजीनगर असे सहा विधानसभा मतदारसंघ राहिले. अणुशक्तीनगर आणि चेंबूर दक्षिण-मध्य मुंबईत गेले. साहजिकच एकाच प्रकारच्या प्रश्नांनी ग्रासलेली वस्ती दोन लोकसभा मतदारसंघांत विभागली गेली, आणि मानखुर्द-शिवाजीनगरची मते मुलुंड-घाटकोपरच्या मध्यमवर्गीय मतांच्या तुलनेत सहापैकी एका भागापुरती उरली.

२०१४ची लढत

नोव्हेंबर २०१२ मध्ये स्थापन झालेल्या आम आदमी पक्षाने डिसेंबर २०१३च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत अनपेक्षित यश मिळविले. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये पाटकर आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी या पक्षाशी हातमिळवणी केली. सत्तेच्या राजकारणापासून दूर राहिलेल्या जनआंदोलनांनी निवडणुकीत उतरावे की नाही, हा वाद चळवळींत जुनाच होता. या निर्णयाने तो पुन्हा ऐरणीवर आला. पक्षाने मुंबईत दक्षिण मुंबईतून मीरा सन्याल, वायव्य मुंबईतून मयांक गांधी आणि ईशान्य मुंबईतून पाटकर अशी ओळखीची नावे रिंगणात उतरविली.

ईशान्य मुंबईत विद्यमान खासदार संजय दिना पाटील हे राष्ट्रवादी काँग्रेसचे, तर किरीट सोमय्या हे भाजप-शिवसेना युतीचे उमेदवार होते. २४ एप्रिल २०१४ रोजी मतदान झाले. १६ मे रोजी लागलेल्या निकालात सोमय्या यांना ५,२५,२८५, पाटील यांना २,०८,१६३ आणि पाटकर यांना ७६,४५१ मते मिळाली. पाटकर यांचा वाटा नऊ टक्क्यांच्या आसपास राहिला. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत, तर उमेदवाराची अनामत रक्कम जप्त होते. त्या नियमानुसार त्यांची अनामतही गेली. मुंबईतील सहाही जागा युतीने जिंकल्या आणि महाराष्ट्रात ४८पैकी ४२ जागा महायुतीकडे गेल्या.

पराभवाची कारणे

या निकालाचे एक कारण उघड आहे. केंद्रातील सत्तांतराच्या लाटेपुढे स्थानिक प्रश्न मागे पडले. परंतु लाटेने सर्व काही स्पष्ट होत नाही.

पहिली अडचण मतदारसंघाच्या सामाजिक घडणीची होती. मुलुंड आणि घाटकोपरमध्ये गुजरातीभाषक मतदारांची संख्या मोठी आहे. ज्या धरणाला गुजरातेत जीवनरेखा मानले जाते, त्याच्या विरोधामुळे ओळखल्या जाणाऱ्या उमेदवाराला या भागात मते मागणे सोपे नव्हते.

दुसरी अडचण संघटनेची होती. पाटकर यांच्या कार्याचा गाभा नर्मदा खोऱ्यात होता, आणि तेथील मतदार ईशान्य मुंबईत मतदान करीत नव्हते. याउलट मृणाल गोरे यांचे उदाहरण पाहावे. गोरेगावच्या पाणीप्रश्नावर लढत त्या १९६१ मध्ये महापालिकेत, १९७२ मध्ये विधानसभेत आणि १९७७ मध्ये लोकसभेत गेल्या. 'पाणीवाली बाई' ही ओळख एका प्रचारमोहिमेत मिळालेली नव्हती. ती वर्षानुवर्षांच्या वॉर्डातील कामातून आली होती. लोकसभेच्या वेळी जनता पक्षाचे मोठे पाठबळही त्यांच्यामागे होते. ऊस आणि दुधाच्या दराच्या आंदोलनातून पुढे आलेले राजू शेट्टी २००९ मध्ये हातकणंगलेतून स्वाभिमानी पक्षातर्फे निवडून आले, तेव्हाही आंदोलनाचे क्षेत्र आणि मतदारसंघ हे एकच होते.

तिसरी अडचण निवडणूक पद्धतीची. आपल्याकडे सर्वाधिक मते मिळविणारा उमेदवार विजयी होतो. उरलेल्या मतांना प्रतिनिधित्व मिळत नाही. पश्चिम जर्मनीत १९८३ मध्ये हरित पक्षाला ५.६ टक्के मते मिळाली आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्वामुळे त्याचे २७ सदस्य संसदेत पोहोचले. ईशान्य मुंबईत त्याहून मोठा वाटा मिळूनही हाती काही आले नाही. दोन्ही तुलना तंतोतंत जुळणाऱ्या नाहीत, कारण एक आकडा देशाचा तर दुसरा एका मतदारसंघाचा आहे. तरीही नव्या पक्षांना आपल्या पद्धतीत उभे राहणे का जड जाते, हे त्यातून कळते.

मतविभागणीचा आक्षेप

तिसऱ्या उमेदवारावर मते फोडल्याचा आरोप हमखास होतो. अमेरिकेत २००० साली हरित पक्षाचे राल्फ नेडर यांना फ्लोरिडात ९७,४८८ मते मिळाली आणि तेथे जॉर्ज बुश अवघ्या ५३७ मतांनी विजयी झाले. त्या निकालावरील वाद अद्याप शमलेला नाही.

ईशान्य मुंबईलाही याचा अनुभव आहे. २००९ मध्ये संजय दिना पाटील यांनी सोमय्या यांचा २,९३३ मतांनी पराभव केला, तेव्हा तिसऱ्या क्रमांकावरील महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या उमेदवाराने सुमारे १ लाख ९५ हजार मते घेतली होती. २०१४ मध्ये मात्र हा आक्षेप टिकत नाही. सोमय्या यांचे मताधिक्य ३,१७,१२२ होते. पाटकर यांची सर्वच्या सर्व मते दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मिळाली असती, तरी निकालात फरक पडला नसता. त्यांना मिळालेली मते पराभव दिसत असतानाही दिली गेलेली मते होती, असे म्हणता येते.

निवडणुकीनंतर

२८ मार्च २०१५ रोजी योगेंद्र यादव आणि प्रशांत भूषण यांना आम आदमी पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीतून काढण्यात आले. त्याच दिवशी पाटकर यांनी पक्षाचा राजीनामा दिला आणि त्या पुन्हा आंदोलनाच्या कामाकडे वळल्या.

प्रचारातील प्रश्न मात्र संपले नाहीत. जानेवारी २०१६ मध्ये देवनार कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर शहराच्या मोठ्या भागावर पसरला, तेव्हा गोवंडीकर रोज सोसत असलेली गोष्ट उर्वरित मुंबईनेही अनुभवली. त्यानंतर महिनाभरात मुंबई उच्च न्यायालयाने घनकचऱ्याची व्यवस्था होत नाही तोवर नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर निर्बंध घातले. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. माहुलमधील प्रदूषणाची दखल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये घेतली. तानसा जलवाहिनीलगतच्या विस्थापितांनी २०१८ मध्ये माहुलला राहण्यास नकार देत विद्याविहार येथे आंदोलन केले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना माहुलला जाण्याची सक्ती न करता पर्यायी घर किंवा भाडे देण्याचा आदेश दिला. देवनार येथे साचलेला सुमारे १८५ लाख टन कचरा हटविण्यासाठी महापालिकेने २०२५ मध्ये निविदा काढली. त्यापूर्वीच या जमिनीचा काही भाग धारावी पुनर्विकासासाठी देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला होता. म्हणजे शहरातील आणखी काही कुटुंबे याच पट्ट्यात आणण्याची शक्यता पुढे आली.

मतदारसंघाच्या राजकारणातही एक सातत्य दिसते. १९८४ पासून येथे एकाही विद्यमान खासदाराला लगेचच्या निवडणुकीत पुन्हा विजय मिळालेला नाही. २०१९ मध्ये भाजपने सोमय्यांऐवजी मनोज कोटक यांना उभे केले आणि ते विजयी झाले. २०२४ मध्ये कोटक यांच्या जागी मिहीर कोटेचा आले आणि शिवसेनेच्या ठाकरे गटाचे संजय दिना पाटील २९,८६१ मतांनी निवडून आले. त्या विजयात मानखुर्द-शिवाजीनगरमधील मोठ्या आघाडीचा वाटा निर्णायक ठरला. सहापैकी एका मतदारसंघातील, शहराच्या कचऱ्याशेजारी राहणाऱ्यांची मते खासदार ठरवू शकतात, हे या निकालाने दाखविले. त्या मतांच्या बदल्यात त्यांचे प्रश्न कोण सोडवितो, हा २०१४च्या प्रचारात विचारला गेलेला सवाल आजही या पट्ट्यात कायम आहे.