मोबाईलवरचं रेकॉर्डिंग स्वच्छ कसं करावं? महागड्या माइकआधी अंतर आणि खोली सांभाळा

बेळगाव : सीमाभागात काय आणि इंदूर, बडोदा, हैदराबादला काय, मराठी माणसं आता घरबसल्या पॉडकास्ट आणि व्हिडिओ करू लागली आहेत. मोबाईलचे कॅमेरे सुधारल्यामुळे चित्राची फारशी तक्रार राहिलेली नाही. घोडं अडतं ते आवाजापाशी. चित्र थोडं अंधुक असलं तरी लोक चालवून घेतात. बोलणं घुमायला लागलं, मागं पंखा घरघरायला लागला की मात्र बोट लगेच पुढच्या व्हिडिओकडं जातं.

याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्याकडं घराघरांत आजी-आजोबांच्या तोंडी जी बोली आहे, त्यातले कानडी-गुजराती-हिंदी मिसळलेले शब्द, ओव्या, जुन्या आठवणी, हे सगळं पुन्हा रेकॉर्ड करायची संधी मिळेलच असं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्यातल्या काही ओव्या आज गाणाऱ्या बायकांच्या स्वतःच्या आवाजात ऐकता येतात, कारण वेळेवर टेप चालू होता. आपल्या हातात तर फोन आहे. तो नीट कसा वापरायचा, एवढाच प्रश्न आहे.

माइक तोंडापासून वीतभर

चांगल्या आवाजाचा पहिला नियम फुकटातला आहे : माइक बोलणाऱ्याच्या जवळ आणा. अंतर दुप्पट झालं की बोलणाऱ्याचा थेट आवाज साधारण ६ डेसिबलनं घटतो. २० सेंटिमीटरवरचा माइक २ मीटरवर नेला, तर तब्बल २० डेसिबलचा फरक पडतो. खोलीतला घुमारा आणि पंख्याची घरघर मात्र जवळपास तेवढीच राहते. म्हणून लांबून घेतलेलं बोलणं विहिरीतून आल्यासारखं वाटतं.

व्हिडिओ काढणारा फोन सहा फुटांवर असेल तर दुसरा फोन वक्त्याजवळ टेबलावर, रुमालाची घडी घालून त्यावर ठेवा आणि त्यावर फक्त आवाज रेकॉर्ड करा. बहुतेक फोनचा मुख्य माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या जागेजवळ असतो. ती बाजू वक्त्याकडं हवी. दोन्ही चालू केल्यावर एक टाळी वाजवा. नंतर चित्र आणि आवाज जुळवताना त्या टाळीचा उपयोग होतो.

मराठीत प, फ, ब, भ ही अक्षरं उच्चारताना ओठांतून हवेचा झोत येतो. तळहात तोंडासमोर धरून ‘फाटक’ म्हणून बघा. हाच झोत माइकवर आदळला की ‘भप्प’ असा आवाज येतो. त्यासाठी माइक तोंडाच्या अगदी समोर न धरता थोडा बाजूला धरावा. फोमची टोपी असेल तर उत्तम.

खोलीची परीक्षा टाळीनं

खोलीच्या मध्यभागी उभं राहून जोरात टाळी वाजवा. मागून झणझण ऐकू आली तर ती खोली नको. फरशी, काच आणि उघड्या भिंती आवाज परतवतात. गाद्या, पडदे, कपडे तो शोषून घेतात. त्यामुळे सजवलेल्या हॉलपेक्षा कपड्यांच्या कपाटाची दारं उघडी टाकलेली झोपायची खोली बरी. वक्त्याच्या समोर आणि बाजूला जाड वाकळ किंवा घोंगडं टांगलं तरी मोठा फरक पडतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा उद्योग करू नका, त्यांनी फारसं काही साधत नाही.

पंखा, फ्रिज, इन्व्हर्टर तेवढ्यापुरते बंद. फोन एअरप्लेन मोडवर. बेळगावच्या पावसाळ्यात पत्र्याखाली रेकॉर्डिंग ठेवू नका आणि हमरस्त्यालगत घर असेल तर पहाटेची वेळ धरा. उघड्यावर वारा असेल तर माइकवर केसाळ टोपी लागतेच. वाऱ्याची फडफड नंतर निघत नाही.

पैसे कुठं घालायचे?

हिशोब सरळ आहे. आधी तारेचा कॉलर माइक घ्या, तो हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतो. हनुवटीखाली वीतभर अंतरावर, दागिने आणि पदर घासणार नाही असा लावायचा. घेताना पिन बघा : फोनच्या पिनेवर तीन रेघा असतात, कॅमेऱ्याच्या पिनेवर दोन. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सी जोडणीचा माइक लागेल.

टेबलावरच्या माइकमध्ये दोन मुख्य प्रकार आहेत. कंडेन्सर माइक बारीकसारीक सगळं टिपतो, म्हणजे शेजारचा कुकरही. डायनॅमिक माइक कमी संवेदनशील असतो आणि तोंडाजवळ धरून वापरतात; गजबजलेल्या घरात तोच सोयीचा. ब्लूटूथ इअरफोनच्या माइकवर मुलाखत घेऊ नका, त्यातून आवाज दबून येतो.

लॅपटॉपवर रेकॉर्ड करताना बारीक गुणगुण ऐकू आली तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. अर्थिंग नीट नसेल तर तीच गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये उतरते.

रेकॉर्ड करताना

फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झवर घ्या. व्हिडिओसाठी हाच आकडा रूढ आहे. १६ बिट मोनोमध्ये तासाला साडेतीनशे एमबीच्या आसपास जागा लागते. पातळी दाखवणारी पट्टी असेल तर मोठ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान ठेवा. काटा शून्याला टेकला की आवाज फाटतो. हळू आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज मात्र पूर्ववत होत नाही.

सुरुवातीला दहा सेकंद कुणीही बोलू नका. ती रिकामी शांतता पुढं खरखर काढायला कामी येते.

नंतरची साफसफाई

संगणकावर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. क्रम असा ठेवा : आधी ८० हर्ट्झखालचा गडगडाट कापा, मग त्या दहा सेकंदांचा नमुना देऊन खरखर कमी करा, शेवटी एकूण आवाज समान करा. खरखर पूर्ण घालवायच्या नादात बोलणं पाण्याखालून आल्यासारखं होतं; तेव्हा थोडी राहिली तरी राहू द्या. घुमारा मात्र अशा साफसफाईनं नीट जात नाही, म्हणूनच आधी खोली बघायची.

आवाजाच्या एकूण पातळीसाठी लफ्स हे माप आहे. अ‍ॅपल पॉडकास्टची शिफारस उणे १६ लफ्सच्या आसपासची आहे. यूट्यूब साधारण उणे १४ पेक्षा मोठा आवाज स्वतःच खाली आणतं. त्यामुळे उगाच आवाज वाढवून फायदा नाही.

मूळ फाइल जपा

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट किंवा व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबून लहान केलेली असते, तिला मूळ प्रत समजू नका. डब्ल्यूएव्ही दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. फाइलच्या नावात तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव घाला. कुणाचंही रेकॉर्डिंग लोकांसमोर आणण्याआधी त्यांची परवानगी घ्या आणि ती सुरुवातीलाच त्यांच्या आवाजात नोंदवून ठेवा.

आणि दरवेळी एक काम न चुकता करा : आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. ते स्वच्छ असेल, तरच आजीला पहिला प्रश्न विचारा.