बागेतील रेल्वे आणि 45 मिलिमीटरचे गेज

घराच्या बागेत मांडल्या जाणाऱ्या छोट्या रेल्वेचा इतिहास बऱ्याच अंशी एका मापाभोवती फिरतो. मेर्क्लिन या जर्मन खेळणी-उत्पादक कंपनीने 1891 मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत सुटे रूळ जोडून वाढवता येणारी रेल्वे मांडली आणि रुळांमधील अंतराला, म्हणजेच गेजला, क्रमांक दिले. त्यांतील ‘एक नंबर’चे गेज पुढे 45 मिलिमीटर म्हणून रूढ झाले. खऱ्या ब्रॉडगेज किंवा मीटरगेजशी त्याचा हिशेब जुळतो की नाही, ही चिंता त्या काळच्या खेळण्यांना नव्हती.

इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीने न्यूरेंबर्गच्या बिंग कारखान्याकडून ब्रिटिश धाटणीची इंजिने करवून घेतली. स्पिरिटच्या दिव्यावर पाणी उकळून खऱ्या वाफेने धावणारी अशी इंजिने तेल आणि गरम पाणी सांडत असल्याने त्यांना दिवाणखान्यापेक्षा बागच मानवली. पहिल्या महायुद्धानंतर मात्र लहान गेजची चलती झाली, 1935 च्या सुमारास रेल्वे टेबलावर मावू लागली आणि बागेतील रूळ मोजक्या हौशी लोकांपुरते उरले.

हे चित्र 1968 मध्ये पालटले. न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने ‘एलजीबी’ या नावाने 45 मिलिमीटरच्याच रुळांवर, पण अरुंद गेजच्या डोंगरी रेल्वेच्या धर्तीवर, 1:22.5 या प्रमाणातील गाड्या आणल्या, म्हणजे मूळ वस्तूच्या साडेबावीस मिलिमीटरला प्रतिकृतीत एक मिलिमीटर. अरुंद गेजच्या गाड्या तीव्र वळणे घेत असल्याने केवळ 60 सेंटिमीटर त्रिज्येचे वळणही त्यांच्याखाली शोभून दिसे, आणि लहान बागेच्या दृष्टीने हाच गुण निर्णायक ठरला. ऊनपाऊस सोसणारे प्लॅस्टिकचे स्लीपर आणि न गंजणारे पितळी रूळ यांमुळे मांडणी वर्षभर बाहेर ठेवता येई. पितळ उन्हाने प्रसरण पावते. दहा मीटर लांबीचा रूळ तापमान 30 अंश सेल्सिअसने वाढताच पाच ते सहा मिलिमीटरने लांबतो, म्हणून रूळ काँक्रीटला जखडून न टाकता खडीवर मोकळे ठेवण्याची पद्धत पडली. खऱ्या रेल्वेचेच हे शहाणपण होय.

प्रमाणाचा घोळ मात्र सुटला नाही. 45 मिलिमीटरला साडेबावीसने गुणले की साधारण मीटरगेज येते. परंतु एलजीबीचे पहिले प्रसिद्ध इंजिन ‘श्टाइन्त्स’ ऑस्ट्रियातील 760 मिलिमीटर गेजवरच्या इंजिनाची प्रतिकृती होते, त्यामुळे त्याचे रूळ खरे तर सुमारे 34 मिलिमीटर अंतरावर हवे होते. पुढे अमेरिकी तीन फुटी गेजसाठी 1:20.3 आणि तेथील प्रमाणित गेजच्या गाड्यांसाठी 1:29 अशी मापे आली. यांतील दुसरे सरळसरळ तडजोडीचे आहे, कारण 1435 मिलिमीटरच्या गेजला अचूक प्रमाण 1:32 पडते. पण त्या मापाचे डबे एलजीबीच्या गाड्यांशेजारी खुजे दिसत आणि ग्राहकाला डोळ्यांत भरणारा डबा हवा होता.