दुकानदारांनी काढलेली नाणी

सुट्टे नाहीत म्हणून दुकानदार कधी कधी हातावर गोळी ठेवतो. तीच गोळी दुसऱ्या दिवशी पैसे म्हणून त्याला देऊन पाहा. घेईल का? हाच प्रश्न एकदा अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता.

ज्या युद्धामुळे मुंबईत कापसाचे भाव कडाडले, ते अमेरिकेचं यादवी युद्ध १८६१ साली सुरू झालं. त्या वर्षअखेरीस बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. १८६२मध्ये सरकारने काढलेल्या नव्या नोटांमागे तर सोनं नव्हतंच. साहजिकच लोक नोटा खर्च करू लागले आणि नाणी घरात दडवू लागले. आधी सोन्याची, मग चांदीची, शेवटी तांबं-निकेलचा साधा सेंटही बाजारातून नाहीसा झाला. पाव घ्यायला चिल्लर कुठून आणायची? लोकांनी पोस्टाची तिकिटं वापरून पाहिली. पण ती चिकटत, फाटत.

मग दुकानदारच पुढे आले. सेंटच्या आकाराच्या तांब्याच्या चकत्यांवर ते आपलं नाव, पत्ता, धंदा छापून घेत. चकतीचा खर्च सेंटपेक्षा कमी, वर फुकट जाहिरात! काही चकत्यांवर ‘एक सेंट’ ठळक असे, आणि त्याच्या डोक्यावर ‘नव्हे’ अगदी बारीक. अशा सुमारे अडीच कोटी चकत्या निघाल्या असा अंदाज आहे.

न्यूयॉर्कमधल्या लिंडेनम्यूलर या बिअरविक्रेत्याने एकट्याने दहा लाखांहून जास्त चकत्या काढल्या. तिथल्या घोड्यांच्या ट्राम कंपनीकडे त्या भाड्यापोटी साठत गेल्या. कंपनीने त्यांच्या बदल्यात पैसे मागितले, तेव्हा त्याने साफ नकार दिला. कंपनीला काहीच करता आलं नाही. पुढे १८६४मध्ये सरकारने हलका, कांस्याचा सेंट काढला आणि खासगी नाण्यांवर कायद्याने बंदी घातली.

या चकत्या जमवण्याचा छंद युद्धकाळातच सुरू झाला. संग्राहक आजही भिंगाखाली त्यांचे ठसे ताडून पाहतात. दोन दुकानदारांच्या चकत्यांची मागची बाजू एकाच ठशाची निघाली, तर दोघांचा कारागीर एकच असावा, हे कळतं. कागदपत्रांत न सापडणारा इतिहास असा धातूत सापडतो.

वर्गात पुठ्ठ्याच्या चकत्या करून हा व्यवहार खेळून पाहता येईल. चकती घेताना मुलं काय पाहतात, याकडे लक्ष द्या. ती कशाची केली आहे हे, की देणारा ती परत घेईल का हे?