शॉकअपमधला गॅस नेमका करतो काय?

२००५ च्या सुमारास बजाजने पल्सरला मागे ‘नायट्रॉक्स’ शॉकअप दिले. शॉकअपला जोडलेली एक छोटी डबी, आत नायट्रोजन. तेव्हा कट्ट्यावर सगळे एकच सांगायचे, की गॅस उशीसारखा धक्का खातो, म्हणून गाडी मऊ चालते. ऐकायला पटतं, पण तसं नाहीये. हा गॅस शॉकअपमध्ये का शिरला याची गोष्ट त्याच्याही पन्नास वर्षं आधीची, फ्रान्स आणि जर्मनीतली आहे. या वीकेंडला तीच सांगतो.

मुळात ‘शॉक अ‍ॅब्सॉर्बर’ हे नावच गोंधळात टाकणारं. खड्ड्याचा धक्का झेलते ती स्प्रिंग, किंवा ट्रकवाल्यांच्या भाषेत पाटे. पण स्प्रिंग घेतलेली ऊर्जा परत करते. नुसत्या स्प्रिंगवरची गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ डुलत राहील. आणि चाक रस्त्यावरून उचललं गेलं की ब्रेक आणि स्टीअरिंग दोन्ही नावापुरतेच! तेव्हा ती ऊर्जा उष्णतेत बदलून संपवायची, हे शॉकअपचं खरं काम.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या त्रुफोने एकमेकांवर घासणाऱ्या चकत्या वापरून हे काम केलं, आणि अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्डने त्यावर धंदा उभा केला. मग तेल आलं. मॉरिस ऊदाय या फ्रेंच माणसाच्या नावाचे तेलाचे शॉकअप १९२७ अखेरीस आलेल्या फोर्ड मॉडेल ए ला बसले. पुढे आज आपण बघतो तसा सरळ नळीचा शॉकअप रुळला. तेलाने भरलेली नळी, आत पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं. त्या भोकांतून तेल ढकलताना जो विरोध होतो, तोच डुलणं थांबवतो.

पण इथे एक गोची आहे. पिस्टनचा दांडा आत शिरला की तो जागा खातो, आणि तेल काही दाबलं जात नाही. मग ते जाणार कुठे? यावर उपाय म्हणून बाहेरून दुसरी नळी दिली, अर्धी तेलाने आणि अर्धी हवेने भरलेली. जास्तीचं तेल तिकडे जातं. मात्र खराब रस्त्यावर तासभर गाडी हाणली की तेल आणि हवा घुसळून फेस होतो. शिवाय पिस्टन झपकन सरकला की त्याच्या मागे दाब पडतो आणि तेलातच बुडबुडे उठतात. सिरिंजचं तोंड बोटाने बंद करून दट्ट्या ओढून बघा, लगेच कळेल. फेसाला विरोध कसला करता येणार? नेमकी जास्त गरज असते तेव्हाच शॉकअप ढिला पडतो.

क्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बों या फ्रेंच प्राध्यापकाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर फार साधा उपाय काढला. नळी एकच ठेवली. टोकाला थोडा नायट्रोजन साधारण २५ बार दाबाने भरला, आणि गॅस व तेल यांच्यामध्ये एक मोकळा सरकणारा पिस्टन टाकला. दांडा आत आला की गॅस थोडा आक्रसतो, म्हणजे जागेचा प्रश्न मिटला. हवा तेलाला शिवतच नाही, म्हणून घुसळणं बंद. आणि तेल सतत दाबाखाली असल्याने बुडबुडे उठत नाहीत, जसे सोड्याच्या बंद बाटलीत दिसत नाहीत तसे. एका बदलात तीन बग गेले :-)

जर्मनीतल्या बिलस्टाइनने ही कल्पना उचलली. खिडक्यांचं सामान आणि गाडीचे जॅक बनवणारी ही कंपनी. १९५७ मध्ये त्यांचे असे शॉकअप मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांना लागू लागले.

आता कट्ट्यावरच्या उशीकडे वळू. गणित सोपं आहे. दांडा ११ मिमी जाडीचा धरला तर त्याचं क्षेत्रफळ होतं साधारण ९५ चौरस मिमी. २५ बार म्हणजे दर चौरस मिमीला २.५ न्यूटन. गुणाकार करा, सुमारे २४० न्यूटन, म्हणजे जेमतेम २४ किलो वजन उचलण्याइतका जोर. चार चाकांचे मिळून शंभर किलोही नाहीत. हजार-बाराशे किलोची गाडी हा गॅस काय उचलणार?

गॅसवरच तोललेली गाडी हवी असेल तर तीही फ्रान्सचीच, आणि त्याच काळातली. १९५५ ची सिट्रोएन डीएस. तिच्यात लोखंडी स्प्रिंगच्या जागी नायट्रोजनचे गोळे होते. तिथे गॅस स्वतः स्प्रिंग होता. शॉकअपमध्ये तो फक्त तेलाला दाबून ठेवणारा पहारेकरी.

मग सगळ्या गाड्यांना एकनळी शॉकअप का नाहीत? एक तर एवढा दाब धरून ठेवणारी सील आणि अचूक घडवलेली नळी महाग पडते. दुसरं म्हणजे बाहेरून दगड लागून नळीला पोचा आला तर आतला पिस्टन अडकतो. दोन नळ्यांच्या शॉकअपला बाहेरचा पोचा बऱ्याचदा चालून जातो. म्हणून अनेक साध्या गाड्यांत मधला मार्ग दिसतो, दोन नळ्या आणि हवेऐवजी कमी दाबाचा नायट्रोजन.

तेव्हा गाडी मऊ चालतेय का, हे शॉकअपची परीक्षा घ्यायला पुरेसं नाही. उलट गेलेल्या शॉकअपची गाडी काही वेळा जास्तच ‘मऊ’ वाटते. शॉकअपच्या अंगावर तेलाचे ओघळ आहेत का, टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखा झिजलाय का, गतिरोधकानंतर गाडी दोन-तीनदा डुलतेय का, हे बघा. यातलं काही दिसलं तर घाटात जाण्याआधी गॅरेज गाठा.